टॉवर सरांचे रविवार

टॉवर सरांना चेहरे लक्षात राहत नसत. मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहायला येऊन महिना होऊन गेला होता, तरी मुकुंदवाडीच्या भाजीबाजारात ते माझ्या समोरून सरळ पुढे निघून गेले. मी "सर" म्हणून हाक मारली तेव्हा जागीच थांबले आणि माझ्याकडे न बघता, मान किंचित कलती करून म्हणाले, "गंगापूर. तुला सर्दी होतीय." सकाळपासून घसा जरासा खवखवत होता खरा, पण ती सर्दी आहे हे मला संध्याकाळी कळलं.

त्यांचं आडनाव साळवे. टॉवर सर हे नाव आम्ही फ्लाइंग स्कूलच्या मुलांनी ठेवलेलं. सगळी नोकरी त्यांनी वेगवेगळ्या गावांच्या विमानतळांवर, टॉवरमध्ये बसून केली होती. विमानांना उतरायची, उडायची परवानगी देणं, एकाला थांबवून दुसऱ्याला वाट करून देणं हे त्यांचं काम. म्हणजे दिवसभर बोलायचं, पण ज्याच्याशी बोलायचं तो माणूस कधी दिसायचा नाही. "हजारो माणसं ओळखतो मी," ते सांगत, "रस्त्यात भेटली तर एकही ओळखू येणार नाही." हे सांगताना ते हसत. समोरच्यालाही मग हसावं लागे.

निवृत्त होऊन ते संभाजीनगरला आले आणि वर्षभरातच त्यांच्या पत्नी, वत्सलाबाई, वारल्या. मूलबाळ नव्हतं. मूळ गाव पाचोड. तिथे पुतणे होते, सणावाराला येऊन जात. घरात दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली वत्सलाबाईंचा शाळेतल्या मुलांबरोबर काढलेला फोटो, आणि एक मोठी खिडकी. तिच्यातून धावपट्टी दिसत नसे, पण उडालेलं विमान झाडांच्या वर आलं की दिसे. मी उसाच्या रानातून आलेली मुलगी, पहाटे अंधारात घराबाहेर पडणार, हे ऐकून दोन घरमालकांनी नाही म्हटलं होतं. टॉवर सरांनी एकच चौकशी केली. रात्री झोप किती घेतेस, एवढंच विचारलं, आणि किल्ली दिली.

माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारत. मी गंगापूर. शेतांचे नकाशे काढायला ड्रोन उडवणारा किसन खरात म्हणजे पाचोड. विमानांना असंच बोलावतात, नावगाव न विचारता, ठरलेल्या खुणेनं. ती सवय गेली नव्हती. आणखी एक सवय होती. काहीही सांगितलं की ते समोरच्याकडून परत वदवून घेत. भाजीवाल्या मावशींना अर्धा किलो वांगी सांगायचे आणि थांबायचे. मावशींना "अर्धा किलो वांगी" असं म्हणायला लागे, मग ते "बरोबर" म्हणत आणि पिशवी पुढे करत. नवीन माणसाला हा वेडेपणा वाटे. मावशींनी मला एकदा सांगितलं, "येडे नाहीत गं. घरात कुणी परत बोलणारं नाही ना त्यांना."

दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी सभा भरे. त्यांना ती भरवायला कुणी सांगितलं नव्हतं. ओळखपत्र नाही, पद नाही, कुठल्या कार्यालयाचं पाठबळ नाही. बैठकीच्या खोलीत ते प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत, चहाचं आधण ठेवत आणि दार उघडं टाकून बसत. ज्याचा आकाशाशी काही संबंध येतो त्यानं यावं, असा निरोप त्यांनी शहरभर पोचवला होता. आम्ही शिकाऊ वैमानिक यायचो, कारण मुख्य प्रशिक्षकांनी आम्हाला जायला सांगितलं होतं. लग्नांत ड्रोननं चित्रीकरण करणारे यायचे, गंगापूर-पाचोडकडचे फवारणीचे नि मोजणीचे ड्रोनवाले यायचे. कधी बीड बायपासच्या लॉनवर रोषणाई करणारा एखादा, खुर्चीच्या कडेवर टेकून बसायचा. "टॉवरमधून मला फक्त विमानं दिसायची," सर म्हणायचे. "त्यांच्या वाटेत काय काय येतं ते खाली उतरल्यावर दिसलं." ते वाटेत येणारं सगळं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं.

म्हणजे काय, तर लग्नसराईत संध्याकाळी ते स्कूटरवरून लॉन पालथी घालत. आकाशात फिरणारा हिरवा झोत उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांवर आला तर क्षणभर त्याला काहीच दिसत नाही. तो झोत खाली करा, एवढीच विनंती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचे, त्यामुळे दाराशी उभे असलेले यजमान त्यांना पाहुणे समजून अत्तर लावत आणि पंगतीकडे नेत. एकदा मी बरोबर होते. सरांनी कुणाला काही खुलासा केला नाही. शांतपणे बसले, अनोळखी व्याह्यांशी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या, आग्रहानं वाढलेली जिलेबी खाल्ली आणि मग हात धुऊन रोषणाईवाल्याकडे गेले. परत येताना मी विचारलं की आधीच का सांगितलं नाही. ते म्हणाले, "माणसं बोलत होती ना." स्कूटरच्या मागे बसून मी त्यांच्या मानेला लावलेलं अत्तर हुंगत घरी आले.

मटणाच्या दुकानांचंही त्यांनी असंच केलं. दुकानामागे टाकलेल्या आतड्यांवर घारी जमतात आणि घिरट्या घालत वर, विमानांच्या वाटेत चढतात. खलीलभाई नावाचे एक दुकानदार सुरुवातीला वैतागले होते. "साहब, ये चीलां को मैं बुलाया क्या?" असं त्यांनी विचारलं होतं. सर वाद घालत बसले नाहीत. दर आठवड्याला जात, बाकड्यावर बसत, चौकशी करत. असं बरेच महिने चाललं. शेवटी खलीलभाईंनी झाकणाचं पिंप ठेवलं. नंतर नंतर तर सर दिसले की तेच आधी सांगत, ढक्कन बराबर आहे म्हणून. शेजारचे दोघेही मग पिंपं घेऊन आले. घारी कमी झाल्या. पण त्या कमी झाल्या हे लक्षात कोण घेणार? असलेल्या घारी लोकांना दिसायच्या, गेलेल्या कुणाला दिसत नव्हत्या.

त्यांच्या सगळ्या कामाचंच हे दुखणं होतं. एकदा एका कॉलेजनं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. सभागृह भरलं होतं. सर अर्धा तास बोलले आणि मुलं चुळबुळ करायला लागली. मग एकानं उठून विचारलं, सर, तुमच्या डोळ्यांदेखत कधी विमान पडलंय का? सर म्हणाले, "नाही." जवळपास तरी? "नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत एकही नाही." संयोजकांनी त्यांच्या कानाशी लागून एखादा थरारक प्रसंग सांगायची विनंती केली असावी. मग सरांनी सांगितलं की एकदा धावपट्टीवर कुत्रं आलं होतं म्हणून त्यांनी उतरू पाहणाऱ्या विमानाला परत वर जायला सांगितलं. विमान एक फेरी मारून आलं, तोवर कुत्रं गेलं होतं, विमान उतरलं. मुलं पुढचं ऐकायला थांबली. सर म्हणाले, "झालं." सभागृहात हशा पिकला. घरी येताना ते मला म्हणाले, "माझ्याकडं गोष्टच नाही, गंगापूर. गोष्ट होऊ नये म्हणूनच पगार होता मला."

पुढे निखिलचं प्रकरण झालं. निखिल आमच्या तुकडीतला सगळ्यात हुशार मुलगा. त्या आठवड्यात त्याची परीक्षकांसमोरची उड्डाण चाचणी होती. रविवारच्या सभेत त्यानं एक साधी शंका विचारली, आणि सरांनी उत्तर देण्याऐवजी त्यालाच विचारलं, झोप झाली का. तो हो म्हणाला. सरांनी त्याच्याकडून एक वाक्य परत म्हणवून घेतलं, नंतर आणखी एक. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सर मात्र सभा संपल्यावर आत गेले आणि त्यांनी मुख्य प्रशिक्षकांना फोन लावला. या मुलाचा आवाज आज त्याचा नाही, एवढंच सांगितलं. प्रशिक्षकांनी निखिलला बोलावून घेतलं, काय विचारलं माहीत नाही, पण आठवडाभर उडायला बंदी केली. चाचणीची तारीख हुकली. पुढची मिळायला दोन महिने गेले.

तुकडी पेटली. नुसत्या आवाजावरून माणसाला बसवून ठेवायचं, हा कुठला न्याय? वर कुणी नेमलेलं नाही, अधिकार नाही. पुढच्या रविवारी कुणी जायचं नाही असं ठरलं. लग्नसराई जोरात असल्यामुळे ड्रोनवालेही कामात होते. मी खाली उतरले तेव्हा खोलीत सगळ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि सर उभे होते. मी तुकडीला सांगितलं होतं की मी त्यांच्याच घरात राहते, मला न जाणं जमायचं नाही. पण खरं सांगायचं तर मी त्या मांडलेल्या खुर्च्या जिन्यातूनच पाहिल्या होत्या, आणि मग परत वर जाववेना.

मी पुढच्या रांगेत बसले. सरांनी घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि बोलायला सुरुवात केली. विषय होता धुळीच्या वादळाचा, उन्हाळ्यात दौलताबादच्या डोंगराकडून पिवळट भिंत यायला लागली की काय करायचं त्याचा. ते नेहमीसारखे उभं राहून, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. मी मध्येच म्हटलं की सर, बसून सांगा ना. ते म्हणाले, "सभा आहे ही." शेवटी त्यांनी काही शंका आहेत का म्हणून विचारलं, आणि विचारताना त्यांची नजर माझ्यावरून पुढे, साऱ्या खोलीभर फिरली. मग त्यांनी आणि मी मिळून खुर्च्या एकात एक घातल्या. चहा खूप उरला होता. तो त्यांनी दुपारी परत गरम करून प्यायला.

निखिलचं पुढे सगळं चांगलं झालं. मोठ्या विमान कंपनीत लागला, कॅप्टन झाला. बऱ्याच वर्षांनी एका विमानतळावर भेटला तेव्हा म्हाताऱ्यानं माझे दोन महिने खाल्ले म्हणून हसला. मी त्याला विचारलं की त्या दिवशी तुझी झोप झाली होती का रे? तो म्हणाला, आठवत नाही. मी हे सरांना येऊन सांगितलं. सरांचं म्हणणं काय असेल याची मला उत्सुकता होती. ते म्हणाले, "उडतोय ना तो? मग झालं." आपण बरोबर होतो की चूक, हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि कळावं म्हणून त्यांनी कधी खटपटही केली नाही.

शिकून मी बाहेर पडले, दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या, आणि शेवटी त्याच फ्लाइंग स्कूलमध्ये प्रशिक्षक म्हणून परत आले. लग्न झालं होतं, सिडकोत घर होतं, तरी रविवारी सकाळी मी सरांकडे जायचे. तोवर सरांनी एक नवीन व्यवस्था लावली होती. आमची शिकाऊ विमानं पैठण-पाचोडच्या बाजूला सरावाला जात. त्याच शिवारांवर मोजणीचे ड्रोन उंच जाऊन नकाशे काढत. वैमानिकाला खालचा ड्रोन दिसत नाही आणि ड्रोनवाल्याची नजर हातातल्या पडद्यावर असते. म्हणून ड्रोनवाल्यांनी उडवायच्या आदल्या दिवशी सरांना फोन करायचा, कुठं आणि किती वाजता ते सांगायचं. सर ते परत म्हणून दाखवणार, खात्री करणार आणि मग आमच्या मोबाइलवरच्या गटात टाकणार. सरळ गटातच का लिहू नये, असं मी एकदोनदा सुचवलं होतं. सर म्हणाले होते, लिहिताना माणूस गडबड करतो, बोलताना चूक पकडता येते. ते इतक्या वर्षांच्या अनुभवातून बोलत होते. आम्ही ऐकलं.

त्याच सुमारास त्यांच्या घरातला टीव्ही मोठा वाजायला लागला. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि सर खिडकीशी बसलेले असायचे, डाळ करपल्याचा वास आल्यावर उठायचे. मी विचारलं की म्हणायचे, विचारात होतो. दाराची घंटा वाजवून मी बाहेर ताटकळत उभी राहू लागले. मला कळत होतं, पण ज्या माणसानं माझी सर्दी माझ्याआधी ओळखली त्याला ऐकू कमी येतंय, हे मनात धरायलाच मन तयार होत नव्हतं.

मग तो सकाळचा प्रसंग घडला. मी एका विद्यार्थिनीला घेऊन पाचोडच्या बाजूला गेले होते. इंजिन बंद पडलंय असं समजून शेताकडे उतरत येण्याचा सराव चालला होता. बऱ्यापैकी खाली आलो असताना डाव्या बाजूला काहीतरी पांढरं उन्हात चमकलं. मी तिच्याकडून विमानाचा दांडा हातात घेतला, इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि विमान उजवीकडे वळवून वर नेलं. ड्रोन होता. आमच्यापासून लांब होता, पण आमच्याच उंचीवर होता. मुलीला तो दिसलाही नव्हता. उतरल्यावर मी किसनला फोन केला. तो गोंधळून गेला. "मॅडम, म्या सात म्हणून सांगितलं व्हतं सरांना," तो म्हणाला. गटात आठ लिहिलं होतं. सर परत म्हणून दाखवताना काय म्हणाले, असं मी विचारलं. किसन घुटमळला. मग म्हणाला की आठ म्हणाले असतील, बैलगाडी आडवी आली होती, गडबडीत आपण व्हय म्हणून गेलो.

मी सरांकडे गेले. ते खिडकीशी होते. मी समोर जाऊन बसले आणि जे झालं ते सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. किसननं चुकून व्हय म्हटल्याचंही मी सांगितलं, वाटलं त्यांना थोडा आधार होईल. त्यांनी मान हलवली. "त्यानं बरोबर सांगितलं होतं. मी चुकीचं ऐकलं."

मी म्हटलं, ऐकायचं यंत्र घेऊ या, चांगले डॉक्टर आहेत इथे. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हणाली होतीस, लिहून टाकू द्या म्हणून. मला तेव्हाही माहीत होतं की लिहिलेलं बरं."

मी विचारलं, मग?

"मला आवाज ऐकायचे होते, गंगापूर. दिवसातून दोन-चार फोन यायचे. ते सुरक्षेसाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एखाद्या अहवालातलं वाक्य वाचावं तसं ते बोलले. माझ्याच्यानं मात्र तिथे बसवेना. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आवरत राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. त्या दिवशी खोली भरली होती, कारण बातमी पसरली होती. सरांनी झालेली चूक जशीच्या तशी सांगितली, कुणाची, कशामुळे, काय होऊ शकलं असतं. किसनचं नाव त्यांनी घेतलं नाही. आजपासून सगळ्यांनी सरळ गटात लिहायचं, कुणी मला फोन करायचा नाही, असं सांगितलं. मग म्हणाले की ज्याला नीट ऐकू येत नाही त्यानं या कामात राहू नये, म्हणून मी थांबतो. किसन उठून उभा राहिला. "सर, तुमी थांबू नका. चूक माझी बी हाय," असं तो म्हणाला. सरांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते वाक्य त्यांच्या कानाशी जाऊन परत सांगितलं. सर किसनला म्हणाले, "समोरचा चुकीचं म्हणाला तर त्याला थांबवायला शिक तू आता. मला तर मीच थांबवलं."

त्यानंतर सभा फ्लाइंग स्कूलच्या वर्गात व्हायला लागली आणि ती मी घेऊ लागले. यंत्र आणलं, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. भांड्यांचा आवाज मोठा येतो, माणसांचा येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ते काढून ठेवायचे. एक बदल मात्र झाला. ते माणसांकडे बघायला लागले. मी गेले की माझ्याकडे टक लावून बघत. एकदा त्यांनी बोट दाखवून विचारलं की भुवईवरची ही खूण कधीची. लहानपणी मोटेच्या विहिरीवर पडले होते तेव्हाची, असं मी कागदावर लिहून दाखवलं. मी त्यांच्या घरात राहिले, इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले, आणि ते मला पहिल्यांदा पाहत होते. "चांगला चेहरा आहे तुझा," ते म्हणाले. मला लाजल्यासारखं झालं.

किसन दर रविवारी पाचोडहून येऊ लागला. फोन करून उपयोग नव्हता, म्हणून एसटीनं यायचा. येताना कधी शेंगा, कधी हुरडा. दोघं खिडकीशी बसत. किसनचं बोलणं त्यांना कळत नसे आणि ते काही विचारत नसत. झाडांच्या वर विमान आलं की सर बोट दाखवत आणि किसन मान डोलवी. सभा आटोपून मी जायचे तेव्हा दोघं तसेच बसलेले दिसत. किसनला मी एकदा म्हटलं की तुम्हाला कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "येतो की. पण त्यांना एकट्याला जास्ती येत असंल."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं की दुपार झाली तरी दूध दारातच आहे. झोपेतच गेले होते. मी पोचले तेव्हा पुतणे पाचोडहून निघाले होते. अंत्ययात्रेला फार माणसं नव्हती. नोकरीतले कुणी कळवण्याजोगे आम्हाला माहीत नव्हते, आणि ज्या वैमानिकांना कळवलं असतं त्यांनी सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. खलीलभाई दुकान बंद करून आले होते. एका लॉनचा रोषणाईवाला आला होता. मुख्य प्रशिक्षक, मी, किसन, भाजीवाल्या मावशी. बुद्धवंदना झाली. पुतण्यानं चार शब्द बोलायला मला पुढे केलं. मी उभी राहिले, आणि सांगायला एकही प्रसंग सापडेना. कुणाला वाचवलं असं म्हणावं, तर नेमकं कुणाला, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळीही विमानं उतरत होती, माणसं आपापल्या घरी जात होती, आणि त्यांतल्या कुणाला थांबवून मी काय सांगणार होते? साळवे सर चांगले होते, एवढंच मी म्हणाले आणि खाली बसले.

पुढच्या रविवारी पुतण्यांनी घर आवरायला काढलं. सभा संपवून मी तिकडे गेले तर टेम्पो उभा होता. खुर्च्या एका मंगल कार्यालयाला देऊन टाकल्या होत्या. वत्सलाबाईंचा फोटो कुणीतरी नीट कापडात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवला होता. किसन फाटकापाशी उभा होता, हातात पिशवी. त्याला माहीत होतं की सर नाहीत, तो तर खांदा द्यायला होता. तरी नेहमीच्या एसटीनं आला होता.

पुतण्यानं कुलूप लावलं, आम्हाला जयभीम केला, टेम्पो गेला. आम्ही दोघं फाटकाबाहेर उभे राहिलो. किसननं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मॅडम," तो म्हणाला, "आता रविवारचं काय करायचं?"

मी त्याला वर्गातल्या सभेला यायला सांगू शकले असते. पण तो ते विचारत नव्हता हे मला कळत होतं. परतीच्या एसटीला अजून पुष्कळ अवकाश होता. आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत गेलो, बाकड्यावर बसलो आणि त्यानं पिशवीतल्या शेंगा मध्ये ओतल्या. आम्ही शेंगा फोडत राहिलो, टरफलांचा ढीग होत गेला, आणि एसटीची वेळ झाली तरी तो उठला नाही, मीही त्याला उठा म्हणाले नाही.